आमच्याकडे भुतं काढून मिळतील

मुलगी काय करते, या प्रश्नाला आमच्या आईकडे पूर्वी तयार उत्तर होतं : ‘चित्रकार आहे.’ त्यावर समोरची बाई ‘अरे वा’ म्हणून विषय बदलायची. पण मी मोबाईलवर वाचायचं भयकॉमिक करते हे सोसायटीत पसरलं, आणि आईने आडपडदा सोडून दिला. आता ती सरळ सांगते, ‘ती भुतं काढते.’

परिणाम व्हायचा तोच झाला. मागच्या गल्लीतल्या एक बाई तिन्हीसांजेला भाचीला घेऊन आल्या. भाचीचं लग्न जमत नव्हतं आणि कुणीतरी ‘बाहेरचं असेल’ म्हणून त्यांच्या डोक्यात भरवलं होतं. बाईंनी पिशवीतून नारळ, हळदकुंकू आणि पेढ्यांचा पुडा काढून टीपॉयवर मांडला, आवाज खाली आणला आणि विचारलं, ‘दक्षिणा किती घेता?’ मी त्यांना टॅबलेट दाखवला. त्यावर अर्धवट रंगवलेली हडळ होती. बाईंनी चष्मा लावून ती नीट पाहिली आणि म्हणाल्या, ‘म्हणजे तुम्ही बाहेरचं आत आणता. आम्हाला आतलं बाहेर काढणारं माणूस हवंय.’ पेढे राहिले, नारळ परत गेला. भाची मात्र त्या रात्रीपासून माझी नियमित वाचक आहे.

भुतांवर माझं पोट चालत नाही. पोटासाठी मी दिवसा शाळेच्या कार्यपुस्तिकांतली चित्रं काढते. ‘जेवणापूर्वी हात धुवा’ या पानावरचा जंतू माझा. ‘रस्ता ओलांडताना दोन्हीकडे पाहा’ यातला शहाणा मुलगाही माझाच. रात्री जेवणं आटोपली, भांडी पालथी पडली, की त्याच टॅबलेटवर त्याच पेनाने हडळ सुरू. हात एकच असल्यामुळे थोडी सरमिसळ होते. मागे एका संपादकबाईंचा निरोप आला : ‘जंतूच्या डोळ्यांत इतकं दुःख नको. पहिलीची मुलं आहेत.’

कॉमिकचे भाग मी फुकट देते. फुकट मिळालेल्या गोष्टीला लोक पैसे देत नाहीत, सूचना मात्र सढळ हाताने देतात. त्यातल्या त्यात हडळीचे स्टिकर खपतात. ते लॅपटॉपवर बसतात, हेल्मेटवर बसतात. एका गृहस्थांनी तर घराच्या दारावरच लावलाय, कारण त्यानंतर दारावर येणारे विक्रेते कमी झाले म्हणे.

बाबांचं म्हणणं वेगळं. १९९१ साली ‘सकाळ’मध्ये चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ सुरू झाला, तेव्हापासून बाबांच्या मनात चित्रमालिका म्हणजे चिंटू. ‘असं काहीतरी गोड काढ की,’ ते म्हणतात. ‘चिंटू बघ कसा घराघरांत गेला. तुझं भूत घराघरांत गेलं तर लोक घराबाहेर पडतील.’

पण या गादीवर मी काही उपरी नाही. १९२५ या एकाच वर्षाने मराठीला शि. द. फडणीस दिले आणि नारायण धारपही दिले. फडणीसांनी एक शब्द न वापरता हसवलं. धारपांनी नुसत्या शब्दांनी झोप उडवली. दोघांचंही काम पुण्यातच बहरलं. चित्रंही काढायची आणि झोपही उडवायची, असा दोघांच्या मधला बोळ मी धरलाय, एवढंच. अनंत अंतरकरांच्या एकाच घरातून ‘मोहिनी’त विनोद आणि ‘नवल’मध्ये गूढकथा असा दुहेरी कारभार चालत होता, तेव्हा हसणं आणि दचकणं ही मराठीत सख्खी भावंडंच म्हणायची.

धारपांच्या ‘आजी’ या कथेची तर फिरती बघण्यासारखी आहे. स्टीफन किंगच्या ‘ग्रॅमा’ या कथेतली म्हातारी अमेरिकेतून निघाली, धारपांकडे येऊन मराठी झाली, आणि पुढे राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’मध्ये साखळदंडाने बांधली गेली. बर्वेंनी त्या सिनेमासाठी आधी ७०० पानांचा स्टोरीबोर्ड काढला होता. म्हणजे ते एक भलंथोरलं भयकॉमिकच. सिनेमा २०१८ साली आला, आणि २०२४ साली पुन्हा लागला तेव्हा पहिल्या खेपेहून जास्त चालला. हे मी जेवताना मोठ्या उत्साहाने सांगितलं. बाबांनी ताक संपवलं आणि विचारलं, ‘तुझी आत्तापर्यंत किती पानं झाली?’

माझ्या कॉमिकला खरं तर पानंच नाहीत. छापील कॉमिकात भूत पानाच्या पलीकडे दबा धरून बसतं, वाचक पान उलटतो आणि ते दिसतं. मोबाईलवर उलटायला काही नसतं. दक्षिण कोरियातल्या नेव्हर कंपनीने २००४ साली वेबटून सुरू केलं, आणि वरून खाली सरकत जाणारी लांबच लांब चित्रपट्टी तिथूनच जगभर पसरली. तिथल्याच होरांग नावाच्या चित्रकाराने २०११ साली बोंगचॉन-डोंग या वस्तीतल्या भुताची गोष्ट केली. रात्री एक मुलगी इमारतींच्या मधून घरी चाललीय, पुढे एक बाई वेडीवाकडी चालतेय. वाचक आपल्या तंद्रीत चित्रं सरकवत असतो, आणि एका जागी चित्रं त्याला न विचारता आपणहून धावतात. बाई वळते. ती गोष्ट मी भर दुपारी, कढी ढवळता ढवळता वाचली. कढी उतू गेली.

माझी पट्टी ८०० पिक्सेल रुंद असते, लांबी हवी तेवढी. सगळी विद्या आहे ती दोन चौकटींच्या मधल्या काळ्या रंगात. तो कमी सोडला तर भूत न कळवता आलेल्या पाहुण्यासारखं थेट स्वयंपाकघरात येऊन उभं राहतं. जास्त सोडला तर वाचकाला वाटतं नेट गेलं, आणि तो राउटर बघायला उठतो. माझा हिशेब अंगठ्याच्या दोन फटकाऱ्यांचा. पहिल्या फटकाऱ्याला वाचक म्हणतो, ‘आता येणार.’ दुसऱ्याला म्हणतो, ‘हॅ, काही नाही.’ तिथे आणायचं. भूत मी अंगावर सोडत नाही. वाचक स्वतःच्या अंगठ्याने दार उघडतो आणि त्याला आत घेतो.

चित्राखालोखाल आवाज. या बाबतीत मराठी मोठी श्रीमंत. आपल्याकडे दार नुसतं वाजत नाही. ते करकरतं, कुरकुरतं, खडखडतं आणि शेवटी धाडकन आपटतं. पण हे सगळं सॉफ्टवेअरला कोण सांगणार? मी ‘किंकाळी’ लिहिली की वेलांटी भलत्याच अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसते आणि पडद्यावर ‘कंिकाळी’ उमटते. ‘ब्रह्मराक्षस’ तर पाय मोडून, तुकड्यातुकड्यांनी येतो. पुण्यात १९८८ पासून सी-डॅक आहे, संगणकाला भारतीय भाषा शिकवण्याचं केवढं तरी काम इथे झालं. माझ्या सॉफ्टवेअरच्या कानावर ते गेलेलं दिसत नाही. त्यामुळे सगळ्या किंकाळ्या मी हाताने काढते. मध्यरात्री आई आतून विचारते, ‘अजून काय करतेयस?’ ‘किंकाळी नीट येत नाहीये,’ मी म्हणते. ‘मग सकाळी मार,’ आई म्हणते आणि कूस बदलते.

नवा भाग दर अमावास्येला टाकायचा असं मी ठरवलं, त्याला घरातून पहिला विरोध आईचाच. नवीन कामाला अमावास्या धरू नये म्हणे. मग सर्वपित्री आली. ‘त्या दिवशी अजिबात नको,’ आई म्हणाली. ‘त्या दिवशी आपली माणसं येतात. त्यांची आणि तुझ्या त्या लोकांची गाठ पडायला नको.’ त्यानंतरची अमावास्या म्हणजे लक्ष्मीपूजन. दाराशी रांगोळी, आत पूजा, आणि माझ्या मोबाईलवर विहिरीतून वर येणारा हात. त्या दिवशी कुणी वाचणार नाही असं मला वाटलं होतं. उलट तो भाग सगळ्यांत जास्त वाचला गेला. आश्चर्य वाटायचं कारण नव्हतं. दिवाळी अंकांमुळे मराठी माणूस पिढ्यान्‌पिढ्या चकलीबरोबर भूत खात आला आहे.

आता प्रश्न जागेचा. भुतांची आपल्याकडे टंचाई नाही. मुंजा, समंध, खवीस, हडळ, जखीण, झोटिंग, चकवा, हाकामारी, कोकणात उतरलं की देवचार. आणि प्रत्येकाचा पत्ता ठरलेला. मुंजा पिंपळावर, आसरा पाण्याकाठी, वेताळ माळावर. २०२४ साली आदित्य सरपोतदारांचा ‘मुंज्या’ हिंदीत चालला आणि मुंजाला बरे दिवस आले. पण बरे दिवस आले म्हणून पेठेत पिंपळ कुठून आणायचा? पुण्यातली सगळ्यांत उंच टेकडी अजून वेताळाच्या नावावर आहे, ही जमेची बाजू. मी स्केचबुक घेऊन काळोख असतानाच वर गेले. काळोखात शंभर टॉर्च हलत होते. वेताळाची पालखी नव्हती, चालायला आलेले लोक होते. उद्या खरीच पालखी निघाली तरी मागून कुणीतरी म्हणेल, ‘डावीकडून चला हो, येणाऱ्यांना वाट ठेवा.’

‘शनिवारवाड्यावर कर ना,’ हा सल्ला तर भेटेल तो देतो. ३० ऑगस्ट १७७३ रोजी गारद्यांनी नारायणराव पेशव्यांना तिथे मारलं. त्यांचा देह ज्या दरवाजातून बाहेर नेला असं सांगतात, त्याला आजही नारायण दरवाजा म्हणतात. पौर्णिमेच्या रात्री काकांना घातलेली हाक ऐकू येते, ही दंतकथाही आहे. अडचण हीच, की ज्या भुताचं वाक्य अख्ख्या गावाला पाठ आहे त्याने कुणाला घाबरवायचं? शिवाय १८२८ च्या आगीत आतला वाडा जळाला. उरली ती तटबंदी, जोती आणि कारंजी. एवढ्या मोठ्या आवारात आत करकरायला एक खोली नाही.

मग मी सदाशिव पेठेत रात्री दोन वाजता कसं वाटतं ते बघायला खाली उतरले. अभ्यासिकांचे दिवे चालू, कोपऱ्यावर चहा चालू, राज्यघटनेच्या कलमांवर वाद चालू. इथे हडळ उभी राहिली तर स्पर्धा परीक्षेची मुलं तिला जागा करून देतील आणि विचारतील, ‘कितवा अटेम्प्ट?’ आणि ती बिचारी खरंच सांगत बसेल. अडकून पडण्यातलं दुःख दोघांनाही सारखंच ठाऊक.

शेवटी मी मनानेच एक वाडा रचला. मोठा दरवाजा, चौक, चौकात आड, आडातून हडळ. भाग टाकला. दोन दिवसांनी दारावरची बेल वाजली. तिसऱ्या मजल्यावरचे अण्णा उभे. लेखापरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. आमची इमारत ज्या वाड्याच्या जागेवर उभी आहे तो वाडा त्यांचा. हातात कागदांचा गठ्ठा. नातवाकडून त्यांनी माझा भाग ए-फोर कागदांवर छापून घेतला होता. हडळीचं डोकं एका पानावर, धड दुसऱ्यावर, पाय तिसऱ्यावर. तिन्हींवर लाल पेनाच्या खुणा.

‘पहिली हरकत,’ अण्णा बसता बसता म्हणाले. ‘ही रात्री अकरा वाजता मोठ्या दरवाजाने येते. कशी येईल? दिवेलागण झाली की आमचे वडील मोठा दरवाजा लावून घ्यायचे. आतून अडसर. हा असा, मांडीएवढा जाड. रात्री येणारा माणूस दिंडीने येतो.’

‘अण्णा, ती भूत आहे. तिला अडसर कसला?’

‘भूत झाली म्हणून वाड्याची रीत सुटते का? दिंडीनेच आली पाहिजे. आणि दिंडीतून ताठ येता येत नाही. उंबरा उंच, चौकट बुटकी. आधी मान आत घालावी लागते, मग पाय.’ असं म्हणून त्यांनी उठून आमच्या हॉलच्या दारात ते करून दाखवलं. आधी टक्कल आत आलं, मग खांदे, मग एक पाय चाचपडत. पाऊल टेकेपर्यंत चेहरा दिसलाच नाही.

ते गेल्यावर मी जेवायलाही उठले नाही. चौकट नव्याने मांडली. बंद मोठा दरवाजा, त्यातली दिंडी तेवढी उघडी. दिंडीतून आत येतो तो फक्त भांग, कुंकवाने भरलेला. मग काळं. अंगठ्याचे दोन फटकारे. मग ती चेहरा वर करते, पण वाकलेली पाठ सरळ होत नाही. मान एकटीच वर येते, जेवढी यायला हवी त्याच्यापेक्षा वीतभर जास्त.

दुसऱ्या दिवशी अण्णा जिन्यात भेटले. ‘भाग वाचला,’ म्हणाले. ‘रात्री दीड वाजता. नंतर दिवा लावून बसलो होतो. भीती वगैरे नव्हे, पंख्याचा आवाज येत होता.’

धारपांची गोष्ट इतकी का चावते, ते मला त्या जिन्यात उमगलं. त्यांची माणसं नोकरी करतात, भाड्याचं घर शोधतात, बदलीच्या गावी सामान लावतात, आणि हे सगळं खणखणीत खरं असतं. भुतावर कुणाचाच विश्वास नसतो हो. विश्वास असतो तो कडीकोयंड्यावर. कडीकोयंडा खरा निघाला, की त्याला हात लावणारी बाईही हळूहळू खरी वाटायला लागते. आणि कडीकोयंड्याची ज्याला खडानखडा माहिती आहे असा, शिवाय ती विचारल्याशिवाय सांगणारा माणूस पुण्याइतका दुसऱ्या गावात मिळायचा नाही. लोक म्हणतात, पुणेकरांना घाबरवणं अवघड. मी म्हणते, त्यांना चुका काढू द्या. चुका काढता काढता ते दिवा विझवून वाचत बसतात, आणि पुढचं त्यांचं ते करून घेतात.

अण्णांची दुसरी हरकत आडावर होती. ‘आड नव्हता आमच्याकडे. हौद होता. कात्रजचं पाणी.’ अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून पाणी आणलं, ते जमिनीखालच्या बांधीव नळातून थेट शनिवारवाड्यापर्यंत. वाटेत पेठोपेठी हौद, बड्या वाड्यांतूनही हौद. अण्णा सांगत गेले आणि माझ्या डोळ्यांपुढे नकाशा उलगडत गेला. आडातली हडळ आडातच राहते, तिचं कार्यक्षेत्र मर्यादित. हौदातली हडळ मात्र कात्रजला आत शिरली तर कुठल्याही पेठेत वर येऊ शकते. पुणेकरांची भुयारी मेट्रो २०२४ च्या सप्टेंबरात स्वारगेटपर्यंत आली. हडळीची सेवा पावणेतीनशे वर्षं विनाखंड चालू आहे, आणि तिला उद्घाटनासाठी कुणाची तारीखही घ्यावी लागली नाही.

पुढचे सगळे भाग त्या नळात घडले. मग इतर पेठांचेही निरोप यायला लागले. आमचा हौद चौकोनी होता, अष्टकोनी नव्हे. आमच्या हौदाला पायऱ्या डावीकडून होत्या. आमच्याकडे हडळ केव्हा येणार? शेवटचा प्रश्न विचारणाऱ्या आजींचा स्वर, नळाला पाणी केव्हा येणार हे विचारतानाचा होता.

एकदाच अण्णा वेगळे बोलले. मी पुढच्या भागाची कच्ची चित्रं त्यांना दाखवत होते. हडळ चौकातून ओसरीवर, ओसरीवरून माजघरात. माजघराशी त्यांचं लाल पेन थांबलं. ‘इथे नको,’ म्हणाले.

‘का हो? चुकलंय का काही? कोनाडा उजवीकडे हवा?’

‘कोनाडा बरोबर आहे. तिथे आमची आई निजायची.’

मी ते चित्र त्यांच्यासमोरच पुसलं. अण्णांनी पेनाला टोपण लावलं, चहा घेतला, बिस्किट बुडवलं. मग मी विचारलं, ‘मग हिला उभी करू कुठे? भाग तर अमावास्येला द्यायचाय.’

अण्णांनी क्षणभरही विचार केला नाही. ‘खाली पार्किंगमध्ये. आमचा हौद बुजवला तो बरोबर तिथे, चार नंबरच्या खांबाखाली. इतिहासाला धरून होईल.’

‘चार नंबर म्हणजे तुमचीच जागा ना?’

‘माझीच. आणि रोज तिथे परकी गाडी असते. तोंडी सांगून झालं, पाटी लावून झाली, सोसायटीकडे अर्ज करून झाला.’ त्यांनी गठ्ठा उचलला आणि दाराशी जाऊन वळले. ‘गाडीचा नंबर मी तुला पाठवतो, तो चित्रात नीट वाचता आला पाहिजे. हडळ बॉनेटवर बसव. चेहरा ठसठशीत काढ. आणि खाली लिही : हुकमावरून.’